नेदरकोटचं बर्फघर

१

सोमवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला नेदरकोट गावातल्या बर्फघराचं जाड लाकडी दार उघडलं, तेव्हा सुधाकर देवस्थळी आत दाराशेजारच्या भिंतीला टेकून बसले होते. टोपी कानांवर ओढलेली, पाय पोटाशी घेतलेले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारबुवांना डुलकी लागलीय. पण उजव्या हाताचा हातमोजा फाटला होता आणि बोटांची पेरं सोलून निघाली होती. ते दार वाजवत राहिले होते. किती वेळ, ते कुणालाच सांगता येईना. बाहेर उणे अठरा आणि आत त्याहून फारसं निराळं नाही, म्हणून डॉक्टरांनीही मृत्यूच्या वेळेबद्दल हात टेकले.

पोलिसांना मात्र सगळं सरळ दिसलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस जुनी वास्तू बघायला आत गेला. वाऱ्यानं दार लागलं, बाहेरची लोखंडी कडी आपोआप खाली पडली. फोन घरी जेवणाच्या टेबलावर राहिलेला. त्या फोनवरून रविवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी बायकोला मेसेज गेला होता, म्हणजे हे घडलं ते रविवारी दहानंतर. अपघात. वाईट झालं.

गुरुवारी त्यांच्या पत्नीनं, सीमानं, वॉटर्लूला आपल्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला.

"मंदा, तू ये. आत्ताच ये."

"अगं, मी रविवारी येणारच होते."

"रविवारी नको. यांच्या वहीतली पानं गेलीत. कुणीतरी कापून नेलीत."

मंदाकिनी सोहोनीनं पुण्यात एकतीस वर्षं सरकारच्या हस्ताक्षर तपासणी खात्यात काढली होती. खोट्या सह्या, बदललेली मृत्युपत्रं, खाडाखोड केलेले सात-बारा. निवृत्तीनंतर ती मुलाकडे कॅनडात, वॉटर्लूला आली. साठीत गाडी शिकली, विंटर टायर घालून एकटी हिंडायला लागली. कापलेली पानं म्हटल्यावर तिनं गाडीची किल्लीच उचलली.

ज्या घरात माणूस नुसता अपघातानं मेलाय, त्या घरातून वहीची पानं कशाला कोण नेईल?

२

वॉटर्लूहून नेदरकोट चाळीस मिनिटांवर. जेमतेम दोनशे घरांचं गाव. १८४६ साली इंग्लंडमधल्या नेदरकोट नावाच्या खेड्यातून चौदा कुटुंबं इथं आली आणि त्यांनी आपलं सोडून आलेलं गावच पुन्हा उभं केलं. तसंच ठेंगणं दगडी चर्च. चर्चच्या वाटेवर तसंच छपराचं फाटक, पुरण्याआधी शवपेटी क्षणभर टेकवायचं. चव्हाट्यावर दगडी क्रूस, त्यावर सनही कोरलेला. ओढा अडवून केलेलं तळं, तळ्यावर पाणचक्की, आणि काठाला मातीच्या उंचवट्यात अर्धं बुजलेलं विटांचं घुमटाकार बर्फघर.

सुधाकररावांनी सतरा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर इथं घर घेतलं ते शांततेसाठी, पण आयुष्यभर पूल बांधलेल्या माणसाला दगड गप्प बसू देईनात. चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त करून दर शनिवारी त्याला चावी द्यायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. गावातल्या एकेका वास्तूचा इतिहास ते आधी मराठीत लिहीत आणि मग इंग्रजीत उतरवत. गावकरी त्यांना गमतीनं 'आमचा सगळ्यात इंग्लिश माणूस' म्हणत.

मंदाकिनी पोचली तेव्हा सीमा खुर्चीत बसून होती. रडून झालं होतं. ओट्याशी एक पस्तीस-अडतीसची मुलगी चहा करत होती.

"ही अवंतिका," सीमा म्हणाली. "नागपूरची. चार दिवस हिनंच सांभाळलंय मला. शनिवारी हिच्याच गाडीतून मी मॉन्ट्रियलला गेले होते लेकीकडे, ईराकडे. दोघी तिथेच उतरलो. हिचं तिथे रविवारी लेक्चर होतं. सोमवारी परत आलो आणि..."

"काकू, नका ना आता," अवंतिकानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग मंदाकिनीकडे वळून म्हणाली, "मी जुन्या जागांचे सर्व्हे करते, मावशी. कुठे बांधकाम व्हायचं असलं, की आधी खाली काही ऐतिहासिक आहे का ते बघायचं. पाणचक्कीच्या जागेचा रिपोर्ट माझाच आहे. त्यामुळे काकांशी ओळख झाली. आता निघते, संध्याकाळी डबा आणते."

ती गेल्यावर सीमानं फोन पुढे केला. रविवारचा मेसेज इंग्रजीत होता, दोनच ओळी. 'क्लॉक डन, वन अवर अहेड. व्हेरी कोल्ड. टॉक लेटर.'

"शनिवारी रात्री उन्हाळी वेळेसाठी घड्याळं पुढे करायची होती ना," सीमा म्हणाली. "मार्चमध्ये दर वर्षी हे शनिवारी संध्याकाळी मनोऱ्यात जाऊन काटा एक तास पुढे करून यायचे. रात्री मी फोन केला तो उचलला नाही, वाटलं झोपले. सकाळी हा मेसेज आला."

"हे इंग्रजीतच लिहायचे तुला?"

"फोनवर हो. मराठी टाइप करायचा कंटाळा."

"फोनला कुलूप?"

"एक आठ चार सहा. गावाचा सन. सगळ्या गावाला माहिती होतं, हेच हसून सांगायचे."

मंदाकिनी वर अभ्यासिकेत गेली. जाड वही टेबलावर होती. मराठीत, बॉलपेननं, दाबून लिहिलेली. पाचवं प्रकरण क्रुसाचं, सातवं पाणचक्कीचं. सहावं नव्हतं. मधली पानं पात्यानं शिवणीलगत इतक्या सफाईनं काढली होती, की मोजल्याशिवाय कळू नये.

कुणाचंही नाव अजून मनात आलेलं नसताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यानं नेमकं हेच प्रकरण उचललं, त्याला मराठी वाचता येत होतं.

तिनं पडदे ओढले, टेबललॅम्प कागदाला समांतर होईल इतका खाली धरला आणि कापलेल्या पानांमागच्या कोऱ्या पानावर उजेड तिरका टाकला. दाबून लिहिणाऱ्यांचं हे एक बरं असतं. पेनाच्या खुणा खालच्या पानात उतरतात. हळूहळू अक्षरं सावलीसारखी वर आली. अर्धी, तुटकी.

'...बर्फघर नाहीच. पाणी जायला वाट कुठे आहे? ...रजिस्टरची शेवटची... जमीन गोठलेली, म्हणून एप्रिलपर्यंत आत ठेव...'

आणि सगळ्यात खाली, इतरांहून जास्त दाबून, दोन शब्द.

'मुलं अकरा.'

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच तळ्यावर गेली. पाणी पांढरंफटक गोठलेलं. काठावर पलीकडे पाणचक्की, आणि चक्की ते बर्फघर यांच्यामधल्या कुरणात नारिंगी झेंड्या रोवलेल्या. रविकांत आहेर नावाच्या माणसानं चक्की विकत घेतली होती. मूळचा नाशिकचा, वॉन शहरात त्याची गोदामं होती. इथं त्याला लग्नाचा हॉल काढायचा होता. जमीन सैल झाली की मे महिन्यात खोदकाम.

बर्फघराचं दार बाहेरच्या बाजूला उघडत होतं. कडी म्हणजे एक जड लोखंडी पट्टी. मंदाकिनीनं दार दहा वेळा आपटून पाहिलं. दोनदा पट्टी आपणहून खाचेत पडली, आठदा नाही. म्हणजे पोलिसांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. बरोबर असलंच पाहिजे, असंही नव्हतं.

दाराला दगड लावून ती टॉर्च घेऊन आत शिरली. पायाखाली सलग, सपाट, घट्ट बसवलेली फरशी. तिनं टॉर्च कडेकडेनं फिरवला. बर्फ साठवायचा म्हणजे तो थोडाथोडा वितळणारच. त्याचं पाणी जायला मधोमध भोक हवं, उतार हवा. इथं दोन्ही नव्हतं. उलट दोन्ही भिंतींत कमरेइतक्या उंचीवर दगडी फळ्या होत्या. एकीकडे तीन, दुसरीकडे तीन. लांबी जेमतेम चार फूट.

चार फुटांच्या फळीवर बर्फाची लादी कशाला ठेवतील?

जमीन गोठलेली, म्हणून एप्रिलपर्यंत आत ठेवत. तिला एकदम कळलं आणि तिनं फळीवरचा हात झटकन मागे घेतला. हे बर्फघर नव्हतं. हिवाळ्यात कुदळ चालत नाही अशा या मुलखात थंडीत मेलेल्यांना वसंतापर्यंत ठेवायची ही खोली होती. आणि मुडदे ठेवायची खोली इथं, चर्चपासून इतकी दूर असेल, तर त्यांना पुरलंही इथंच असणार. जवळच. त्या झेंड्यांच्या खाली.

त्याच क्षणी मागे काहीतरी घरंगळलं. तिनं वळून पाहिलं तोवर दार मिटलं होतं. अंधार. आणि पाठोपाठ लोखंडाचा आवाज.

कडी पडली होती.

४

"उघडा!" ती ओरडली. आवाज घुमटात फिरून तिच्याच कानांवर आदळला. तिनं दारावर मूठ मारली आणि सुधाकररावांची सोललेली पेरं डोळ्यांपुढे आली.

मोजून दहाएक सेकंद गेले असतील. कडी वर झाली. दारात पन्नाशीचा, धिप्पाड, लाल जाकीट घातलेला माणूस उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आत कोणी आहे हे... ओ माय गॉड. काकू, सॉरी, व्हेरी सॉरी! दार उघडं दिसलं म्हणून लावलं. काकांचं झाल्यापासून मी रोज येऊन बघतो कडी नीट आहे का. तुम्ही कोण?"

हा रविकांत. तो तिला चक्कीत घेऊन गेला, हीटरजवळ बसवलं, स्वतःच्या हातानं कॉफी दिली. मंदाकिनीनं कॉफी नुसती हातात धरली.

"गेल्या शुक्रवारी तुमचं आणि सुधाकररावांचं मोठ्यानं वाजलं म्हणे. सीमानं सांगितलं, गावानं ऐकलं."

"ऐकणारच. मी ओरडलो." तो खाली बघत राहिला. "काका म्हणाले, रविकांत, मे मध्ये इथं खोदू नकोस, खाली मुलं आहेत. शंभर वर्षांपूर्वीची. मी म्हटलं, काका, दोन वर्षं परमिशनच्या मागे आहे मी, ऑफिशियल रिपोर्ट आहे माझ्याकडे, चर्चचं रजिस्टर तपासलं, खाली काही नाही म्हणून. खूप बोललो. मग घरी गेलो. झोप नाही आली. मुलं आहेत हो मला पण. शनिवारी पहाटे वॉनला निघायच्या आधी काकांना ई-मेल केला. हे बघा."

त्यानं फोन पुढे धरला. शनिवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. 'काका, कालचं विसरा. थांबवतो काम. जमिनीची पुन्हा तपासणी करून घेऊ. ज्या जागेखाली लेकरं आहेत तिथं मला कुणाची लग्नं लावायची नाहीत.'

"पोलिसांना दाखवलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही. आणि मी सांगायला गेलो असतो, तर म्हणाले असते, याचंच काहीतरी आहे." त्यानं फोन परत घेतला. "काका वाचू शकले का, तेवढं तरी कळेल का हो कुठून?"

तिथून मंदाकिनी चर्चमध्ये गेली. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या मार्गारेट पेल बाईंचं वय सत्तरीचं, पाठ ताठ, आवाज कोरडा. त्यांनी काही न विचारता तिला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून एक चामडी बांधणीचं रजिस्टर काढलं.

"तुम्ही याच्यासाठी आलात. शेवटची पानं बघा."

गावातल्या दफनांची नोंद संपल्यावर चार पानं कोरी होती. त्यानंतर वेगळ्या, घाईच्या अक्षरांत काही ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, वय आणि 'मिल हाउस', म्हणजे चक्कीचं घर. आल्फ्रेड, नऊ. एडिथ, अकरा. विल्यम, अंदाजे सात. १८९९ ते १९०८. एकूण अकरा.

"इंग्लंडमधून जहाजं भरून अनाथ मुलं इकडे पाठवत," मार्गारेट म्हणाल्या. "शेतावर, घरात राबायला. इथल्या चक्कीतही ठेवली होती. ती मेली की चक्कीवाला त्यांना चर्चपर्यंत आणत नसे. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून. इथल्या पाद्र्यानं निदान नावं तरी लिहून ठेवली. चक्कीवाला माझा पणजोबा होता, मिसेस सोहोनी. बघता आहात तशा बघू नका. मला लपवायचं असतं, तर हे रजिस्टर मी स्वतःच्या हातानं सुधाकरला दिलं नसतं."

"त्यांच्याआधी आणखी कुणी पाहिलंय हे?"

"जो बघतो तो इथं सही करतो." त्यांनी शेजारची पातळ वही उघडली. फेब्रुवारीत सुधाकररावांची सही. तिच्या वर, ऑक्टोबरात, एक तिरकी, लांब शेपटीची सही. समोर वेळही टाकलेली होती. साडेतीन तास.

सह्या वाचणं हे मंदाकिनीचं आयुष्यभराचं काम. ही वाचायला तिला अर्धा सेकंदही लागला नाही.

ती जायला उठली तेव्हा मार्गारेट खिडकीतून मनोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "रविवारी मला रागच आला होता त्याचा. अकराच्या प्रार्थनेला लोक जमले आणि वर घड्याळात दहा वाजलेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा विसरला, म्हटलं. मंगळवारी मी स्वतः चढून काटा पुढे केला. मला काय ठाऊक, तो बिचारा..."

"काय म्हणालात?" मंदाकिनी दारातच थांबली. "रविवारी घड्याळ मागेच होतं?"

५

गाडीत बसून तिनं काच वर केली आणि इंजिन सुरू न करता तशीच बसून राहिली.

रविवारी सकाळी दहाला आलेला मेसेज म्हणत होता, घड्याळ एक तास पुढे केलं. अकराला अख्ख्या गावानं पाहिलं, की ते केलेलं नव्हतं. सुधाकरराव विसरभोळे असते तर गोष्ट निराळी. पण न केलेलं काम केलं म्हणून बायकोला कळवायचं त्यांना कारणच काय? ते शब्द त्यांचे नव्हते. त्यांची ही दरवर्षीची सवय ज्याला माहीत होती, अशा कुणीतरी मेसेज खरा वाटावा म्हणून ते घातले होते. शनिवारी संध्याकाळी काटा पुढे करायला माणूस मोकळा नव्हता. तो तेव्हा आत होता.

म्हणजे रविवार नव्हे, शनिवार. सीमानं सांगितल्याप्रमाणे सकाळी दहाला तिचा निरोप घेऊन ते घड्याळाला चावी द्यायला आणि मग बर्फघराकडे गेले. त्यानंतर त्यांना कुणीही पाहिलेलं नाही.

मग रविवारी त्यांचा फोन कुणाच्या हातात होता?

तो सोमवारी टेबलावर सापडला, कुलूपबंद घरात. एक किल्ली सीमाकडे, दुसरी सुधाकररावांच्या खिशात, मृतदेहाबरोबर सापडलेली. रविकांतकडे किल्ली नाही, मार्गारेटकडे नाही. म्हणजे फोन घरात नव्हताच. तो सोमवारी दुपारी घरात आला. आणि सोमवारी घराचं दार उघडल्यावर दोनच माणसं आत शिरली होती.

तिनं सीमाला फोन केला. "सीमा, सोमवारी तुम्ही आलात तेव्हा घरात आधी कोण गेलं?"

"का गं? अवंतिका. किल्ली घेऊन बॅगा तिनंच आत नेल्या, मी पायऱ्यांवर बूट झटकत होते."

"शनिवारी ती तुला न्यायला किती वाजता आली?"

"साडेअकरा म्हणाली होती, आली साडेबाराला. सॉरी म्हणाली, आणि आधी वर वॉशरूमला गेली. मंदा, तुझा आवाज असा का येतोय?"

वॉशरूम अभ्यासिकेला लागून होती.

"घरी आले की सांगते. दार आतून लावून घे. कुणी आलं तर उघडू नकोस. कुणीही."

मग तिनं मॉन्ट्रियलला सीमाच्या मुलीला, ईराला, फोन लावला.

"मंदामावशी, बोनज़ूर... सॉरी, सवय. बोल ना."

"ईरा, तुमच्या घरच्या वायफायला कुठले फोन जोडले गेले, ते मागचं बघता येतं?"

"हो, ॲपमध्ये हिस्ट्री असते. का?"

"बाबा तुझ्याकडे येत तेव्हा त्यांचा फोन जोडलेला असायचा?"

"ऑफ कोर्स. ख्रिसमसला मीच सेट केला होता. 'बाबा' नावानं सेव्ह आहे. आला की आपोआप कनेक्ट होतो."

"मागचा शनिवार-रविवार बघ."

पलीकडे ईरानं ॲप उघडलं.

"मावशी... हे कसं शक्य आहे? 'बाबा', शनिवारी रात्री आठ वीसला कनेक्टेड. सोमवारी सकाळी सात चाळीसपर्यंत. मावशी, बाबांचा फोन माझ्या घरात होता! आई इथे, तो इथे, आणि बाबा..."

मंदाकिनीनं गाडी सुरू केली. चव्हाट्यावर वळताना तिला सीमाच्या दारासमोर निळी गाडी उभी दिसली. आणि गाडी रिकामी होती.

६

दार सीमानंच उघडलं होतं. अवंतिका रोज येणारी, डबा आणणारी. तिला बाहेर थंडीत कशी उभी करणार? मंदाकिनी धापा टाकत आत शिरली तेव्हा दोघी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या. सीमा सुखरूप होती. मंदाकिनीनं वाटेतच पोलिसांना फोन केला होता. शहरातून यायला त्यांना वीस मिनिटं लागणार होती.

ती अवंतिकाच्या शेजारी बसली.

"सीमा सोडली तर मराठी वाचणारे इथे दोघेच," ती शांतपणे म्हणाली. "तू आणि रविकांत. रविकांतनं शनिवारी पहाटेच काम थांबवतो म्हणून लिहून दिलं होतं. त्याला लपवायचं काही उरलंच नव्हतं. तुझं होतं. तू रिपोर्टात लिहिलंस, रजिस्टर तपासलं, दफन नाही. पण ते रजिस्टर तू ऑक्टोबरात साडेतीन तास घेऊन बसली होतीस. शेवटची पानं तू पाहिली होतीस, अवंतिका."

अवंतिकानं ओठ मिटून घेतले. "मी मॉन्ट्रियलला होते. काकू साक्षीदार आहेत."

"सुधाकररावांचा फोनही मॉन्ट्रियलला होता. ईराच्या घरी. आत्ताच बघितलं तिनं."

सीमाच्या हातातला डबा टेबलावर आपटला. बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धपकन पडला तशी अवंतिका दचकली आणि मग तिचे खांदेच खाली आले.

"माझं पहिलं स्वतंत्र काम होतं ते," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "ती नावं लिहिली असती तर दोन वर्षं सगळं अडकलं असतं, काम दुसऱ्याकडे गेलं असतं. वाटलं, शंभर वर्षं कुणाला आठवण नाही, पुढे तरी कोण विचारणार? शनिवारी काकांचा फोन आला, बर्फघराशी ये म्हणून. म्हणाले, सोमवारी सरकारला पत्र टाकतोय, तुझं नाव घ्यावं लागेल. आधी तूच सांगून टाक, मी तुझ्याबरोबर येतो. मला लायसन्स गमवावं लागलं असतं, काकू. सगळंच."

"फोन?" मंदाकिनीनं विचारलं.

"त्यांनीच दिला. बाहेरून दाराचा फोटो काढ म्हणाले. ते आत वाकून फरशी दाखवत होते मला. मी फोटो काढला. आणि दार लोटलं."

"कडी आपोआप पडली?" सीमानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

अवंतिकानं नकारार्थी मान हलवली. "मी पाडली."

"मग?"

"काकू, नका ना विचारू."

"मी विचारतेय. मग ते काय म्हणाले?"

अवंतिका टेबलाकडे बघत राहिली. "म्हणाले, 'अवंतिका, वारा बघ कसा आहे, दार लावलं त्यानं. उघड गं बाळा.' त्यांना वाटलं वाऱ्यानं लागलं. दोनदा म्हणाले. हसत होते. मी चालायला लागले. वाटलं, पाच मिनिटांनी परत येते, घाबरवते फक्त. मग गाडीत बसले. मग इथं आले, वर जाऊन पानं काढली. मग तुम्ही बॅग घेऊन खाली आलात..."

"सहा-सात तास," सीमा म्हणाली. "मी तुझ्याशेजारी बसले होते. तुझ्या पर्समध्ये त्यांचा फोन होता आणि ते जिवंत होते."

"वाटेत किंग्स्टनजवळ तुम्ही मला थर्मासमधला चहा दिलात. तेव्हा सांगणार होते. खरंच सांगणार होते, काकू. एक फोन केला असता तर... पण मग विचारलं असतं, आतापर्यंत का नाही सांगितलंस. दर तासाला ते आणखी अवघड होत गेलं."

सीमा उठली. मंदाकिनीला वाटलं, आता ही हात उगारणार. पण तिनं फक्त अवंतिकानं आणलेला डबा उचलला, दार उघडून तो बाहेर पायरीवर ठेवला आणि ती तिथेच, कोट न घालता, रस्त्याकडे बघत उभी राहिली. पोलिसांची गाडी येईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.

७

मे महिन्यात जमीन सैल झाली. रविकांतनं नारिंगी झेंड्या स्वतः उपटून काढल्या होत्या. सरकारनं नेमलेली माणसं जमिनीच्या आतलं दाखवणारं यंत्र चाकांवर ढकलत तीन दिवस कुरणात फिरत होती. जिथे खाली खड्डा दिसे तिथे ती एक पांढरी काठी रोवत. काठ्या तळ्यालगत एका ओळीत उभ्या राहत गेल्या, एकमेकींपासून फार थोड्या अंतरावर. मोठ्या माणसासाठी इतकी कमी जागा कुणी सोडत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बंद झालं. मार्गारेट रजिस्टर छातीशी धरून उभ्या होत्या. एकेक नाव वाचून त्या एकेका काठीजवळ थांबत होत्या, जणू कुठलं मूल कुठे आहे ते त्यांना माहीत असावं. अकरा नावं संपली. त्या थांबल्या.

पुढे आणखी दोन काठ्या होत्या.

"ही कुणाची?" रविकांतनं विचारलं.

मार्गारेटनी पानं उलटली, पुन्हा उलटली. मग रजिस्टर मिटलं. सत्तर वर्षांत कुणी त्यांना असं रडताना पाहिलं नसेल.

मंदाकिनी सीमाकडे वळली. ईरा तिला मॉन्ट्रियलला न्यायला आली होती. घर विकायचं ठरलं होतं, सामान अर्धं बांधून झालं होतं. सीमा त्या दोन काठ्यांपाशी गेली, ओल्या गवतात गुडघे टेकून बसली आणि मातीवर हात ठेवून राहिली.

"आई, ओली होशील," ईरा म्हणाली. "चल ना."

"तू हो पुढे." सीमानं वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "मंदा, रजिस्टर आहे, यांच्या वह्या आहेत. या दोघांसाठी तिकडून आलेल्या जहाजांच्या याद्या कुठून मागवायच्या असतात ते तुला कळतं ना?"

"कळतं."

"मग उद्यापासून ये. मी इथंच राहणार आहे."